दोन नंबरच्या खाटेवरची सहा मिनिटं

१

रिकव्हरी रूममध्ये खाटा चार. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीत ऑक्सिजनचा नळ, नळावर काचेच्या नळीचा फ्लोमीटर, शेजारच्या फळीवर मॉनिटर. म्हणजे नळ चार, फ्लोमीटर चार, मॉनिटर चार, आणि प्रत्येक मॉनिटरवर आकडे तीन: नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन. भिंतीवर घड्याळ एक, मॉनिटरच्या घड्याळापेक्षा चाळीस सेकंद पुढे. बेसिन एक, दाराजवळच्या कोपऱ्यात. खुर्ची एक, तिच्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग. इथे कुणाला बसायला फुरसत मिळत असेल असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. काल दुपारी सव्वाबाराला या खोलीत रुग्ण तीन, सिस्टर एक आणि मावशी एक होत्या.

आज सकाळी साडेनऊला दोन नंबरची खाट रिकामी होती. कालपर्यंत तिच्यावर असलेल्या बाई वरच्या मजल्यावर, आयसीयूत, व्हेंटिलेटरवर होत्या.

एवढं वहीत लिहून मीटरताईने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. हॉस्पिटलची सगळी यंत्रं ती सांभाळायची. पदवी घेऊन दोनच वर्षं झालेली, कमरेला मोजमापाचं काही ना काही कायम लटकलेलं, म्हणून हे नाव. ते ठेवलं होतं रिकव्हरीच्या सिस्टरने, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या यादीतलं खरं नाव कुणी घेतलं तर तिलाच क्षणभर कळायचं नाही.

हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला आठ वाजता बोलावून घेतलं होतं. बाई एकाहत्तर वर्षांच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. रिकव्हरीत मावशीने त्यांचा ऑक्सिजनचा मास्क काढला, तो सहा मिनिटं निघालेलाच राहिला, ऑक्सिजन चौसष्टवर आला, बाई निळ्या पडल्या. मुलाने लेखी तक्रार केली होती. चार वाजता समिती बसणार होती.

"तू फक्त एवढंच लिहून दे, की यंत्रांत दोष नव्हता," मोठे डॉक्टर म्हणाले होते. "एक ओळ. खाली सही."

ती एक ओळ काय करणार हे तिला जिना उतरताना कळलं. यंत्राचा दोष नाही म्हणजे माणसाचा, आणि माणूस आधीच ठरलेला होता. मावशीला उद्यापासून येऊ नका असं तोंडी सांगून झालं होतं. बावीस वर्षांची नोकरी. काल संध्याकाळी बाईंच्या मुलाने भर कॉरिडॉरमध्ये तिला खुनी म्हटलं होतं, आणि कुणीही त्याला गप्प केलं नव्हतं.

म्हणून आज मीटरताई प्रत्येक गोष्ट दोनदा तपासत होती. काहीतरी बिघडलेलं सापडावं अशी तिची फार इच्छा होती. दोन नंबरच्या फ्लोमीटरवर सहा लिटर लावले, तर बाहेर पाच पूर्णांक नऊ आले. नळातला ऑक्सिजन नव्याण्णव टक्के शुद्ध. नळीला भोक नाही, मास्कला चीर नाही. बोटाला लावायचा चिमटा तिने स्वतःच्या बोटाला लावला, मग दुसऱ्या मॉनिटरचा लावला, दोन्हीकडे अठ्ठ्याण्णव. साडेदहापर्यंत सगळं ठीक निघालं होतं, आणि यंत्रं ठीक असल्याचं तिला आयुष्यात पहिल्यांदा इतकं वाईट वाटलं.

शेवटचं काम म्हणून तिने मॉनिटरच्या आत साठलेली कालची नोंद कागदाच्या पट्टीवर छापून घेतली. उभ्याउभ्याच वाचली. मग खुर्चीवरच्या चादरी उचलून खाटेवर ठेवल्या आणि बसून पुन्हा वाचली.

तो उतार तिला पटेना.

२

अकरा चाळीसला बाई रिकव्हरीत आल्या. तेव्हापासून बारा चौदापर्यंत ऑक्सिजन सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. सपाट रेघ. बारा चौदाला मास्क निघाला. बारा पंधराला पंच्याण्णव. सोळाला नव्वद. सतराला ब्याऐंशी. अठराला त्र्याहत्तर. एकोणीसला चौसष्ट.

मास्क काढल्यावर ऑक्सिजन उतरतो, हे खरं. शस्त्रक्रियेनंतर माणूस अर्धवट गुंगीत असतो, फुप्फुसं पूर्ण फुलत नाहीत, म्हणून तर मास्क लावतात. पण साधारण बऱ्या माणसाचा उतरला तर त्र्याण्णव, ब्याण्णव, फार तर नव्वद, आणि तोही हळूहळू. खोलीतल्या हवेतसुद्धा एकवीस टक्के ऑक्सिजन असतोच. बाई चंद्रावर नव्हत्या. पाच मिनिटांत तेहतीस अंकांची घसरण का व्हावी?

मावशी तळमजल्यावर कपड्यांच्या खोलीत होती. उद्यापासून येऊ नको म्हटलं तरी आजचा दिवस तिचा होता, आणि ती उशांचे अभ्रे मोजून गठ्ठे बांधत होती. मीटरताईला बघून तिने हात थांबवला नाही. कालच्या प्रकारासाठी पोलीस बोलावणार का, एवढंच तिने आधी विचारलं. मग जे सांगितलं ते सरळ होतं. बाईंना उलटीसारखं झालं, थोडंच, पण मास्कच्या आत. ते तसंच ठेवलं असतं तर श्वासनळीत गेलं असतं. सिस्टर एक नंबरच्या खाटेवरच्या माणसाला धरून उभ्या होत्या, तो उठून बसायला बघत होता. मावशीने मास्क काढला, बाईंची मान वळवली, तोंड पुसलं, घाण झालेला अभ्रा ओढून काढला, बेसिनवर मास्क धुतला. मास्क धुतेय असं तिने मोठ्याने सांगितलं होतं आणि सिस्टरने हं म्हटलं होतं. मग मॉनिटर ओरडायला लागला.

"मी काढला, ताई," ती म्हणाली. "नाही काढला असं मी कुणालाच म्हटलेलं नाही. पण मला एक सांगा, गार पाण्याचा हात तोंडावरून फिरला की माणूस निदान भुवई तरी हलवतो की नाही? बावीस वर्षं मी माणसांची तोंडं पुसतेय. शिव्या देतात, हात झटकतात, एकाने तर मला चावलंय. या बाईंनी हूं की चूं केलं नाही."

"मास्क काढल्यानंतर?"

"काढल्यावर लगेच. ऑक्सिजन उतरायच्याही आधी." मावशीने गठ्ठ्याची गाठ आवळली. "पण मी काय सिस्टर नाही. माझं कोण लिहून घेतंय?"

मीटरताईने लिहून घेतलं.

३

सिस्टरला गाठणं सोपं नव्हतं. पन्नाशीची, चष्मा कपाळावर, चारही खाटा एकटीने ओढणारी बाई. मदतीची दुसरी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर जाऊन पाच महिने झाले होते आणि तिच्या जागी कुणी आलेलं नव्हतं. मीटरताई दारात दिसताच ती म्हणाली, "आलीस? आता काय मोजायचं राहिलंय, माझी उंची?"

हसू मात्र आलं नाही तिला. रात्रभर झोपली नसावी. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिने कागद पुढे सरकवून दिलं. बाईंचा तक्ता नीट भरलेला होता, दर पंधरा मिनिटांनी एक ओळ. अकरा चाळीस, अकरा पंचावन्न, बारा दहा. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, श्वास. आल्याआल्या बाई कण्हत होत्या, म्हणून अकरा बावन्नला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं, मॉर्फिन, डॉक्टरांनी लिहून ठेवल्याप्रमाणे. त्याची वेळ, मात्रा, सही, सगळं जागच्या जागी. त्यानंतर बाई शांत झोपल्या. सिस्टरच्या मते सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मावशीने मास्क धुवायला न्यायच्या ऐवजी दुसरा लावला असता तर काहीच झालं नसतं. धुतेय म्हटलेलं तिने ऐकलं होतं का? ऐकलं असेल. एका हाताने पडणारा माणूस धरलेला असताना काय काय ऐकायचं?

भूलतज्ज्ञ दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये, टोपी न काढता, कॉरिडॉरमध्येच बोलले. ते मितभाषी, पण लपवाछपवी करणारे नव्हते. बाईंना जाग येताना दुखू नये म्हणून शस्त्रक्रिया संपताना, साडेअकराला, मॉर्फिनचा एक डोस त्यांनीच दिला होता. रिकव्हरीत दुसरा द्यायची परवानगी लिहून ठेवली होती, अट घालून: दुखत असेल आणि श्वास मिनिटाला दहापेक्षा जास्त असेल तरच. त्यांनी सिस्टरचा तक्ता पाहिला होता. अट पाळली गेली होती.

तिने आणखी काही कागद मागितले, तेव्हा त्यांनी खिशातून दोन काढून दिले. एकावर शस्त्रक्रिया संपतानाची, अकरा छत्तीसची नोंद: श्वासातला कार्बन डायऑक्साइड अडतीस. दुसरा रक्ताच्या तपासणीचा. बारा वीसला, बाईंच्या तोंडावर मास्कची पिशवी धरून हाताने श्वास द्यायला सुरुवात करतानाच त्यांनी रक्त घेतलं होतं. कार्बन डायऑक्साइड चौऱ्याण्णव.

"मास्क निघाला, ऑक्सिजन उतरला, त्यामुळे श्वास मंदावला आणि हा साठला," ते म्हणाले. "सरळ आहे."

आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मीटरताई दोन्ही कागद हातात धरून तिथेच उभी राहिली. अडतीस आणि चौऱ्याण्णव. छप्पन्नचा फरक, आणि तो भरून निघायला मिनिटं सहा.

४

तिला बसून हिशेब करता येत नसे. ती जिने चढायची. तळमजल्यावरून गच्चीच्या दारापर्यंत अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, आणि आज त्या तिने तीनदा चढल्या.

श्वास पूर्ण बंद पडला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने वाढतो हे ठाऊक असलेलं आहे. पहिल्या मिनिटाला दहा-बारा, त्यानंतर दर मिनिटाला तीन-चार. शरीर जेवढा बनवतं तेवढाच साठणार. घाई करता येत नाही त्याला. बाईंचा श्वास मास्क काढताक्षणीच पूर्णपणे थांबला असं धरलं, जे झालंच नव्हतं, तरी सहा मिनिटांत वाढ झाली असती फार तर बत्तीस. अडतीस अधिक बत्तीस, सत्तर. चौऱ्याण्णवपर्यंत पोचायला, श्वास पूर्ण बंद असूनही, बारा मिनिटं तरी लागली असती. श्वास थोडाफार चालू असेल तर त्याहून बरीच जास्त.

तिसऱ्यांदा गच्चीच्या दाराशी पोचताना तिला धाप लागली होती, आणि गणित बदललं नव्हतं. बाईंचं बिघडायला मास्क निघायच्या आधीच सुरुवात झाली होती. मावशीने हात लावला तेव्हा बाई आधीच बुडत होत्या.

जिवात जीव आला तो पायऱ्या उतरेपर्यंतच टिकला. कारण मग ती सपाट रेघ आडवी आली. बाई बुडत होत्या, तर मॉनिटर पस्तीस मिनिटं सत्त्याण्णव कसा दाखवत होता? आणि सिस्टरच्या तक्त्यात सगळं ठीक कसं?

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बाईंची सून बसली होती. मुलगा वकिलाकडे गेला होता. सुनेने आधी हिच्याकडे पाठच फिरवली. यंत्रवाली म्हणजे हॉस्पिटलच्याच बाजूची. मीटरताईने तिला पटवायचा प्रयत्न केला नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि काल तुम्ही कुठे होतात एवढंच विचारलं.

सून काल रिकव्हरीच्या दाराबाहेर होती. आत सोडत नाहीत, पण दार नीट लागत नाही, फट राहते. पावणेबारापासून ती फटीला कान लावून होती. सासूबाईंचं कण्हणं तिला ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"मग घोरायला लागल्या," सून म्हणाली. "आमच्याकडे आईंच्या घोरण्यावरून नेहमी थट्टा चालते. हे म्हणतात, आईचं घोरणं म्हणजे शेजारच्या घरालाही घड्याळ. पण काल निराळंच होतं. एकदा घोरल्या की पुढचं यायलाच तयार नाही. मी वाट बघत बसायचे, आता येईल, आता येईल. मध्येच आलं की बरं वाटायचं. मनात म्हटलं, किती दिवसांनी आईंना अशी गाढ झोप लागलीय." ती थांबली. "मी आत जाऊन सांगायला हवं होतं का काही?"

मीटरताई उठून उभी राहिली होती.

५

रिकव्हरीत तेव्हा दोनच रुग्ण होते. तीन नंबरवर एक दांडगा माणूस, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला, कूस बदलत होता. मीटरताईने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि त्याच्या छातीवर नजर ठेवली. साठ सेकंद पूर्ण. बावीस श्वास.

दीड मिनिटाने सिस्टर आली. नाडी बघितली, रक्तदाब बघितला, मॉनिटरवरून ऑक्सिजन उतरवला, आणि श्वासाच्या रकान्यात लिहिलं: सोळा.

मीटरताईने कपाट उघडून गेल्या महिन्याच्या तक्त्यांची फाइल काढली आणि श्वासाचे रकाने मोजले. नोंदी दोनशे चाळीस. त्यांत सोळा दोनशे एकतीस वेळा. अठरा नऊ वेळा. दुसरा आकडाच नाही. वेगवेगळ्या पाळ्या, वेगवेगळी अक्षरं. म्हातारे, तरुण, दोन लहान मुलं, सगळे मिनिटाला सोळा.

खोटं लिहायचं म्हणून कुणी लिहीत नव्हतं. नाडी मॉनिटर देतो, रक्तदाब मॉनिटर देतो, ऑक्सिजन मॉनिटर देतो. श्वास तेवढा बघून, एक अख्खं मिनिट एका जागी उभं राहून मोजावा लागतो, आणि चार खाटांमागे एक माणूस असलेल्या खोलीत मिनिट कुठून आणायचं? एका सिस्टरने दुसरीला शिकवलं असेल, तिने तिसरीला. सोळा म्हणजे ठीक दिसतंय. काल भूलतज्ज्ञांची ती अट सोळाच्या भरवशावर उभी होती.

पण तक्त्यात लिहिलेला सोळा चूक होता हे ठरवायला खरा आकडा कुठे होता? बाईंचे श्वास काल कुणीच मोजले नव्हते.

कुणीच?

ती मॉनिटरकडे बघत राहिली. आकडे तीन. छातीवर चिकटवलेल्या तारा नाडीसाठी असतात, पण छाती वरखाली होते तेही त्यांना कळतं. यंत्र श्वास मोजतंच. हे मॉनिटर खोक्यातून काढले तेव्हा पडद्यावर आकडे चार होते. चौथा कुठे गेला?

तंत्रज्ञाचा संकेतांक टाकून ती आतल्या यादीत शिरली. कुणी काय बदललं, कधी बदललं, यंत्र सगळं लिहून ठेवतं. तीन महिन्यांपूर्वीची एक ओळ होती. श्वासाचा अलार्म बंद. श्वासाचा आकडा पडद्यावरून काढला. चारही मॉनिटर. पुढे बदलणाऱ्याचा संकेतांक.

तो संकेतांक तिने आत्ताच, वीस सेकंदांपूर्वी, टाकला होता.

६

आठवायला वेळ लागला नाही. पाच सह्यांचा अर्ज आला होता. श्वासाचा अलार्म रुग्ण खोकला तरी ओरडतो, कूस बदलली तरी ओरडतो, दिवसातून शंभरदा धावावं लागतं, खऱ्या अलार्मकडेही मग लक्ष जात नाही. तक्रार खोटी नव्हती. तारा चिकटवायची जागा बदलून बघायला हवी होती, अलार्मची मर्यादा बदलायला हवी होती. त्याला दोन दिवस गेले असते. तिने दहा मिनिटांत बंद करून टाकला. सगळ्यांनी तिचे आभार मानले होते. सिस्टरने तिला चहा पाजला होता.

सव्वातीन वाजले होते. तिने लपवलेला रकाना उघडून छापायला लावला आणि यंत्रातून पट्टी सरकत असताना नजर दुसरीकडे ठेवली.

अकरा पंचेचाळीस: बारा. अकरा बावन्न, दुसरं इंजेक्शन दिलं ती वेळ: नऊ. अकरा पंचावन्न, जिथे तक्त्यात सोळा होते: आठ. बारा पाच: सहा. बारा चौदा, मास्क निघाला तेव्हा: पाच.

चार वाजता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मीटरताईशिवाय सहाजण होते. मोठे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सिस्टर, बाईंचा मुलगा आणि सून, आणि दाराजवळ उभी मावशी. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मीटरताईने तिला आपली खुर्ची दिली, कारण तिला स्वतःला बसवतच नव्हतं.

तिने एक ओळ वाचली नाही. कागद क्रमाने मांडले आणि आधी कार्बन डायऑक्साइडचा हिशेब सांगितला. मास्क काढण्यापूर्वीच बाईंचा श्वास मंदावला होता, यातून दुसरा अर्थ निघत नाही. भूलतज्ज्ञांनी कागद ओढून घेतला, ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा केली, आणि मान खाली घातली.

"मग ऑक्सिजन शेवटपर्यंत सत्त्याण्णव कसा?" मुलाने विचारलं. आवाजात अजून धार होती.

"गच्चीवरची टाकी समजा," ती म्हणाली. "वरून नळ जोरात सोडलाय. टाकी भरलेली दिसणारच. पण खाली मोरी तुंबलीय, घरातलं घाण पाणी बाहेर जातच नाही. आम्ही सगळे टाकीकडे बघत होतो. मास्कमधून इतका ऑक्सिजन येत होता की मिनिटाला पाच श्वासांतही तो पुरला. बाहेर टाकायचा वायू मात्र आत साठत गेला, त्याने गुंगी वाढली, श्वास आणखी कमी झाला. मास्क होता म्हणून हे दिसलं नाही. मास्क निघाला आणि दिसलं. मावशींनी तो काढला नसता तर आकडा सत्त्याण्णवच राहिला असता, आणि एकदम श्वास थांबल्यावरच कुणीतरी धावलं असतं."

मोठ्या डॉक्टरांनी तक्ता उचलला. इथे तर सोळा लिहिलंय, ते म्हणाले.

सिस्टरने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, आपल्याच अक्षराकडे बघितलं आणि चष्मा पुन्हा वर केला. "मोजले नव्हते," ती म्हणाली. "मी कधीच मोजत नाही. बावन्नला मोजले असते तर इंजेक्शन दिलं नसतं. मावशीवर ढकललं ते मला काल रात्रीच चुकीचं वाटत होतं, पण का चुकीचं हे सापडत नव्हतं, म्हणून गप्प बसले."

मीटरताईने लगेच शेवटचा कागद ठेवला. यंत्र मोजत होतं, ओरडलंही असतं. त्याचं तोंड तीन महिन्यांपूर्वी बंद केलं होतं आणि ते तिने केलं होतं. खाली तिची सही होती. मोठ्या डॉक्टरांनी ती सही बघितली. अगं, एवढं कशाला, ते हळूच म्हणाले. अर्ज सिस्टरलोकांचा होता, तुझं नाव नाही घातलं तरी चालेल. ती म्हणाली, यंत्रांत दोष होता की नाही हे लिहायला तुम्ही सांगितलं होतं. दोष होता, तो कुणी केला हे लिहिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

मुलगा उठला. तो मावशीच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. सुनेने त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं.

त्या संध्याकाळी मावशीला उद्यापासून ये असं सांगण्यात आलं, तेही तोंडीच. मीटरताईने तेवढं पुरेसं मानलं नाही. लेखी कागद मिळेपर्यंत ती मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी येरझाऱ्या घालत राहिली. रिकव्हरीत दुसरी सिस्टर आठवड्याभरात येणार होती. चारही मॉनिटरवर चौथा आकडा त्याच दिवशी परत आला. तिच्यावर आणि सिस्टरवर पुढे काय कारवाई करायची ते समितीने राखून ठेवलं.

पण बाई अजून व्हेंटिलेटरवरच होत्या. हिशेब बरोबर आला म्हणून त्या डोळे उघडणार नव्हत्या.

७

त्यांनी तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, चौथ्या दिवशी नळी निघाली, आणि पाचव्या दिवशी सकाळी त्या मास्कवर होत्या, उशीला टेकून, चिडलेल्या. मास्क नाकाला टोचतो आणि बोललेलं कुणाला कळत नाही, असं त्यांनी पाटीवर लिहून सांगितलं. शुद्धलेखन बिनचूक होतं.

भूलतज्ज्ञांनी मास्क काढून बघायचं ठरवलं. मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता. मीटरताईला तिथे काही काम नव्हतं, तरी ती आली होती आणि दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मावशी चादर बदलून निघतच होती. बाईंनी तिला बोटाने जवळ बोलावलं आणि मास्ककडे खूण केली: काढ.

मावशी जागची हलली नाही. तिने हात पाठीमागे नेले. शेवटी मुलगाच म्हणाला, "काढा ना, मावशी."

"थांबा," सिस्टर म्हणाली. आज तिची पाळी नव्हती. साध्या कपड्यांत आली होती. ती खाटेशी उभी राहिली, मनगट वर धरलं आणि बाईंच्या छातीवर नजर ठेवून ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. पूर्ण मिनिट. मग तिने मान हलवली. मावशीने एका हाताने बाईंची मान धरून दुसऱ्या हाताने मास्क उतरवला.

सगळे तसेच थांबले. मीटरताईने घड्याळ लावलं. बाई खिडकीकडे बघत होत्या आणि आपल्याकडे इतकी माणसं का बघताहेत ते त्यांना समजत नव्हतं. दहाव्या मिनिटाला सिस्टरने पुन्हा मोजलं आणि तक्त्यावर लिहिलं.

मास्कशिवाय, दहा मिनिटांनी: ऑक्सिजन पंच्याण्णव, श्वास चौदा.